दोन बोटं मागे

राजाभाऊंनी डावा डोळा घट्ट मिटला, उजवा स्कोपला लावला आणि श्वास रोखून धरला. दुकानाच्या मागच्या दारात स्टँडवर ओळीने पाच स्कोप मांडून ठेवले होते आणि दाराबाहेरची नासपतीची बाग हळूहळू अंधारात बुडत चालली होती. गुरुवारी हे शिकारीच्या सामानाचं दुकान मुद्दाम उशिरापर्यंत उघडं असे. रानडुक्कर काही भर दुपारी समोर येऊन उभं राहत नाही, तेव्हा रायफलीवरचा स्कोपही तिन्हीसांजेलाच पारखावा, असं मालकीणबाई फ्राउ वुर्स्टर यांचं म्हणणं होतं.

"तिसऱ्या झाडाखाली बघा," शेजारच्या स्कोपला डोळा लावून बसलेली कुंदा म्हणाली. "दिसतोय?"

"काय?"

"ससा."

राजाभाऊंना तिसरं झाडच दिसत नव्हतं. दोन झाडं दिसत होती आणि त्यांच्या पलीकडे सगळं कढईच्या बुडासारखं काळं. त्यांनी पुढची कडी फिरवली, मागची फिरवली, डोळा चोळला, पुन्हा लावला.

"दिसतोय म्हणजे? कान हलवतोय की!"

कुंदाने स्कोपवरून डोळा काढला. नवऱ्याकडे बघितलं, बागेकडे बघितलं, मग काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड मिटून घेतलं आणि जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली.

"हं," ती म्हणाली. "मला हा मधलाच बरा वाटतोय. हलका आहे. लख्ख दिसतंय यातून."

लख्ख! राजाभाऊंना तो शब्द चांगलाच झोंबला. ज्या स्कोपमधून त्यांना धुकं दिसलं होतं, त्याच्यातून हिला लख्ख दिसत होतं. चष्मा नाही, काही नाही. बावन्नाव्या वर्षी बाई सुईत दोरा ओवते, तोही बसमध्ये.

"लख्ख दिसायला तू काय देवघरातली समई बघणार आहेस?" ते म्हणाले. "रानात अंधार असतो. मोठंच भिंग पाहिजे." आणि त्यांनी ओळीतल्या सर्वांत मोठ्या, तोफेच्या तोंडाएवढ्या स्कोपवर हात ठेवला. किंमत ऐकल्यावर कुंदाच्या भुवया वर गेल्या.

आता गंमत अशी, की मोठ्या भिंगाने आपलं काम होणार नाही हे राजाभाऊंइतकं पक्कं त्या दुकानात कुणालाच ठाऊक नव्हतं. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या कंपनीत ते वीस वर्षं मोटारींच्या हेडलाइटचं काम करत होते. उजेड आणि डोळा हाच त्यांचा धंदा. वय झालं की अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी उघडत नाही, हे नव्या पोरांना फळ्यावर चित्र काढून तेच शिकवायचे. घागरीचं तोंड अरुंद झाल्यावर नळ कितीही मोठा लावा, पाणी बाहेरच सांडणार. पण हे फळ्यावर सांगणं वेगळं आणि बायकोसमोर कबूल करणं वेगळं.

रायफल ते सोबत घेऊन आले होते. फ्राउ वुर्स्टरनी नवा स्कोप तिच्यावर सैलसर बसवला आणि राजाभाऊंना डोळे मिटायला सांगितलं.

"खांद्याला लावा. गाल टेका. मान सैल सोडा. आता उघडा डोळे."

राजाभाऊंनी डोळे उघडले. समोर पूर्ण, स्वच्छ गोल. कडेला जराही काळं नाही. प्रत्येकाची मान वेगळी, गाल वेगळा, म्हणून स्कोप पुढे किंवा मागे सरकवून त्या त्या माणसाच्या डोळ्याला बसवायचा असतो. एका माणसाला बसला की बसला.

"तुमच्या मिसेसही शिकारी आहेत ना?" स्क्रू आवळता आवळता फ्राउ वुर्स्टर थांबल्या. "मग मधलं माप धरूया का? दोघांनाही चालेल असं?"

"नाइन, नको," राजाभाऊ पटकन म्हणाले. इतकं पटकन, की त्यांचं त्यांनाच कसंसं झालं. "फक्त मी."

कुंदाने उगीच आपलं बघावं म्हणून रायफल गालाला लावली. तिच्या गोलात एका बाजूने काळी चंद्रकोर शिरली होती, निम्मं चित्र गिळून बसली होती. तिने मान पुढे ताणून पाहिली.

"मला नाही दिसत यातून."

"तुला कशाला दिसायला पाहिजे?"

बोलून गेले आणि मग त्यांनी खोकून घेतलं.

घरी येताना गाडी कुंदाने चालवली. अंधार पडला की तीच चालवायची. "दिवसभर गाड्यांचंच काम, घरी जाताना तरी जरा टेकू दे की," असं राजाभाऊ लोकांना सांगत. खरं कारण वेगळं होतं आणि ते दोघांनाही माहीत होतं, पण बोललं कुणीच नव्हतं.

शिकारीचं खूळ मुळात राजाभाऊंचं. ते कोल्हापूरचे चौगुले. जर्मनीत आल्यापासून मराठी मंडळात गणपती असो, संक्रांत असो, त्यांची एक गोष्ट ठरलेली: आमचे आजोबा दाजीपूरच्या रानात महाराजांच्या शिकारीला जायचे. मिशीवरून हात फिरवून सांगत. जायचे हे खरंच होतं. पण आजोबांच्या हातात बंदूक नव्हती, डबा आणि काठी होती. ते हाकेवाले होते, आरडाओरडा करून रान उठवणाऱ्यांतले. हा भाग राजाभाऊ गाळत आणि कुंदा, जिने तो सासूबाईंच्या तोंडून शंभरदा ऐकला होता, त्या वेळी चिवड्याची बशी पुढे करत असे.

तर चोपन्नाव्या वर्षी राजाभाऊंनी इथल्या शिकारीच्या परीक्षेला नाव घातलं. इथे ती परीक्षा म्हणजे चेष्टा नाही. जाडजूड पुस्तक, शे-दोनशे झाडंझुडपं, रोग, कायदे, वर शिकाऱ्यांची वेगळीच भाषा. हरणाच्या डोळ्यांना दिवे म्हणायचं. तेवढं एक राजाभाऊंच्या पहिल्या दिवसापासून लक्षात राहिलं. बाकीचं कुंदा चपात्या लाटता लाटता त्यांच्याकडून घोकून घ्यायची.

"शिकार मारणाऱ्याला काय देतात?"

"झाडाची डहाळी. टोपीत खोचायला."

"मग त्या डहाळीचं तो काय करतो?"

"काय करणार? मिरवतो."

"चूक. जनावर शोधायला ज्याच्या कुत्र्याने मदत केली, त्याला त्यातला तुकडा मोडून देतो. एकट्याने मिरवायचं नसतं, अहो."

असं घोकता घोकता तिचंच सगळं पाठ झालं. शिकवणाऱ्या मास्तरांनी एकदा तिला, गाडीत वाट बघत बसलेलीला, आत बोलावलं आणि म्हणाले, नाव घालाच तुम्ही. तिने घातलं आणि पहिल्या फटक्यात पास झाली. राजाभाऊ नेमबाजीत नापास झाले, दुसऱ्या खेपेला कसेबसे सुटले. आखनला शिकणारी लेक अवनी फोनवर किंचाळली, "मम्मा! दास इस्ट याऽ क्रास! भारीच!" वडिलांना मात्र म्हणाली, "पप्पा, नेक्स्ट टाइम." तो नेक्स्ट टाइम राजाभाऊंच्या काळजात अजून रुतून होता.

बरं, कुंदाने मिरवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ती मिरवायचीच नाही. मंडळात कुणी विचारलं तर म्हणायची, "यांच्यामुळे झालं हो, मी आपली सोबतीला गेले." हे ऐकलं की राजाभाऊंच्या पोटात आणखी दुखायचं. आपल्या हक्काची गोष्ट कुणी न मागता घ्यावी आणि वर नको नको म्हणावं, यासारखा जाच नाही.

आणि आता हेर हेबर्ले. हेरेनबेर्गच्या पलीकडचं रान या सत्तरीच्या शेतकऱ्याने शिकारीसाठी भाड्याने घेतलं होतं. इथे रान ज्याच्याकडे, त्याच्या परवानगीशिवाय ससाही मारता येत नाही. परीक्षा पास होऊन कपाटात रायफल ठेवून बसलेले पुष्कळ असतात, रान कुणाला मिळत नाही. हेबर्लेंकडे यंदा एका माणसाची जागा रिकामी होती.

"एकच," ते म्हणाले होते. "तुम्ही दोघं एका संध्याकाळी येऊन बसा. मग बघू."

राजाभाऊंनी ती जागा स्वतःची धरून टाकली होती. कोल्हापूरला थोरल्या भावाला फोन करून सांगूनही झालं होतं: "दादा, रान मिळालं." दादा म्हणाला होता, "नाद खुळा! आजोबांचं नाव काढलंस." आता माघार नव्हती.

शनिवारी ते पोचले तेव्हा हेबर्ले फाटकापाशीच उभे होते. "आह, हेर राजा!" त्यांनी हात मिळवला. राजा म्हणजे राजाच हे त्यांना कळल्यापासून ते याच नावाने हाक मारत आणि राजाभाऊंची छाती दोन इंच फुगे. पण मग ते कुंदाकडे वळले आणि तिच्याशी बोलतच बसले. ओकची फळं यंदा किती धरलीत, डुकरांनी कुठलं कुरण उकरलंय, शेवग्याचं झाड इथे का जगत नाही. राजाभाऊ रायफलीची पिशवी खांद्यावर घेऊन उभे. आपण बाजारात आलोय आणि बायकोला माहेरचं माणूस भेटलंय, अशी त्यांची गत.

निघताना हेबर्लेंनी बोट वर केलं.

"एक मादी फिरतेय. उशिरा व्यायलेली, बारकी पिल्लं आहेत. तिला हात लावायचा नाही. पिल्लांच्या आईला जो मारतो, त्याचं तोंड मी पुन्हा बघत नाही."

"नाटुर्लिश," राजाभाऊ म्हणाले. हे काय सांगायला पाहिजे?

मचाण कुरणाच्या कडेला होतं. वर लाकडी फळी, दोघांना पुरेल एवढीच. राजाभाऊ उजवीकडे रायफल घेऊन, कुंदा डावीकडे गळ्यात दुर्बीण अडकवून. तिने थर्मासातला चहा झाकणात ओतून त्यांना दिला, तो त्यांनी न बोलता प्यायला. ऊन गेलं. कुरणाचा हिरवा रंग राखाडी झाला, मग राखाडीही जायला लागला. पलीकडच्या गावातल्या चर्चची घंटा वाजली आणि थांबली. राजाभाऊंनी दर दोन मिनिटांनी स्कोपला डोळा लावला. भिंग मोठं होतं, महाग होतं, आणि त्यातून त्यांना महागडा अंधार दिसत होता.

नाचता येईना अंगण वाकडं. हे अंगण तर त्यांनी बदलून नवंकोरं आणलं होतं.

"आले," कुंदा ओठातल्या ओठात म्हणाली.

झाडोऱ्यातून काहीतरी बाहेर पडलं. राजाभाऊंना एक गोळा दिसला, अंधारापेक्षा जरा जास्त काळा. त्यांनी रायफल उचलून गाल टेकवला, खटका मोकळा केला.

"थांबा. मादी आहे. पिल्लं आहेत मागे."

राजाभाऊंना पिल्लं दिसली नाहीत. त्यांना मादी दिसली नाही, नर दिसला नाही. त्यांना दिसला फक्त गोळा, आणि कानाशी हिचा आवाज. हिला कसं दिसतंय? की दिसतच नाही, नुसती म्हणतेय? ही थांबवतेय आपल्याला. आपण मारलं तर जागा आपली, म्हणून थांबवतेय. पंचवीस वर्षं हसतमुखाने चिवडा पुढे करणारी ही बाई आतून अशी आहे, हा विचार त्यांच्या डोक्यात एका क्षणात आला आणि त्यांना तो खराच वाटला.

"एकटं आहे," ते कुजबुजले. "चांगला दांडगा नर. मला दिसतंय स्वच्छ."

"अहो, नको."

"मला दिसतंय म्हटलं ना!"

त्यांनी बोट चापावर नेलं.

कुंदाने त्यांच्या हाताला हात लावला नाही. तिने दुर्बीणही खाली घेतली नाही. समोर बघतच ती अगदी हळू म्हणाली,

"तो ससा लाकडाचा होता."

राजाभाऊंना आधी कळलंच नाही.

"दुकानातला. बागेत ठेवलेला. फळीचा कापलेला, वर रंग दिलेला होता. त्याला कान हलवता येत नाहीत."

राजाभाऊंचं बोट चापावरून निघालं. कानशिलं अशी तापली की थंडीतही घाम फुटला. गोळा कुरणातून सावकाश पुढे सरकत राहिला आणि जिथे गवत नुकतंच कापलं होतं, त्या फिकट पट्ट्यावर आला. तिथे मात्र त्यांना दिसलं. मोठ्या गोळ्यामागे छोटे गोळे, एकामागे एक, अंगावर पट्टे असलेले, आईच्या पायात पाय घालत पळणारे. कितीतरी वेळ ते तो पट्टा ओलांडत होते.

मग कुंदाने पुन्हा दुर्बीण वळवली.

"मागून एक येतंय. हे एकटं आहे. तरणं आहे, आईवेगळं झालेलं. हे चालेल."

राजाभाऊंना तेही दिसत नव्हतं. त्यांनी रायफल तिच्यासमोर धरली. मनात आलं म्हणून नाही, हातानेच धरली. कुंदाने ती घेतली, गाल टेकवला, आणि मान पुढे ताणायला लागली. स्कोपच्या आणि तिच्या डोळ्याच्या मध्ये अंतर राहत होतं. ती ताणत गेली, तोंड वाकडं झालं, ताणलेल्या मानेने नेम धरणार कसा? राजाभाऊ बाजूने बघत होते. दोन बोटांचा फरक होता, फार तर.

"काळं येतंय," ती म्हणाली आणि रायफल खाली घेतली. जनावर कुरण ओलांडून निघून गेलं.

खाली हेबर्ले कंदील घेऊन आले होते.

"आवाज नाही आला?"

राजाभाऊंनी कुंदाकडे बघितलं नाही. "ती मादी होती," ते जर्मनमध्ये म्हणाले. "पिल्लं होती सोबत. सोडून दिली."

हेबर्लेंनी कंदील वर धरून त्यांचा चेहरा बघितला. मग त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"एवढ्या अंधारात पिल्लं ओळखलीत? हेर राजा, माझ्या तरण्या पोरांना जमत नाही. झालं, जागा तुमची. नोव्हेंबरात मोठी शिकार आहे, तेव्हा सगळ्यांसमोर परवाना देतो."

शब्दाने खोटं बोलले नव्हते राजाभाऊ. तेवढाच काय तो आधार. कुंदा शेजारी थर्मासचं झाकण घट्ट करत उभी होती. ते घट्ट झालेलंच होतं.

गाडी हेबर्लेंच्या फाटकाबाहेर पडून मोठ्या रस्त्याला लागली.

"तू बोलली का नाहीस काही?" शेवटी राजाभाऊच म्हणाले. आवाजात राग होता, कुणावर ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"काय बोलायचं?"

"पिल्लं तू बघितलीस म्हणून."

"तुम्ही सांगाल असं वाटलं," कुंदा म्हणाली आणि वळणाचा दिवा लावला.

पुढचे काही आठवडे घरात सगळं नेहमीसारखं होतं आणि काहीच नेहमीसारखं नव्हतं. कुंदा डबा देत होती, विचारलं तर बोलत होती. रायफलीचं नाव काढत नव्हती. परीक्षेचं जाडं पुस्तक तिने फडताळात वरच्या फळीवर ठेवून दिलं, तिचा हात पोचत नाही तिथे. ते राजाभाऊंना दिसलं. ते त्यांना उजेडात, चांगलं स्वच्छ दिसलं. दादाचा फोन आला तेव्हा त्यांनी तो उचलला नाही. हिचा हेवा करावा आणि हिच्याच डोळ्यांवर जगावं! आयला, हे कसलं रान मिळालं?

एका गुरुवारी ते कामावरून परस्पर दुकानात गेले. रायफल काउंटरवर ठेवली.

"स्कोप सरकवायचाय. मागे."

"किती?" फ्राउ वुर्स्टरनी विचारलं.

राजाभाऊ चौगुले कंपनीत मिलिमीटरच्या दहाव्या भागावरून लोकांशी भांडत. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जोडून काउंटरवर आडवी ठेवली.

"एवढं."

"कुणासाठी?"

ते मागच्या दाराकडे बघत होते. अजून उजेड होता. तिसऱ्या झाडाखाली ससा उभा होता, एका कानाचा रंग उडालेला.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी हेबर्लेंच्या अंगणात पाऊणशे माणसं जमली होती. शेकोटी पेटलेली, कुत्री दोऱ्या ताणत होती. बंदूकवाले एका बाजूला, आणि रान उठवणारे, भडक नारिंगी जॅकेटं घालून, दुसऱ्या बाजूला. हेबर्ले पायरीवर उभे राहून एकेकाचं नाव आणि मचाण सांगत होते. कुंदा फिकी लोकरी टोपी घालून मागे उभी होती. सोबतीला आलेली.

"हेर राजा! ओढ्याकाठचं मचाण. सगळ्यांत चांगली जागा. आणि हा परवाना."

टाळ्या पडल्या. राजाभाऊ पुढे झाले. त्यांनी कोटाची बटणं काढली तर आतून नारिंगी जॅकेट निघालं. कुणीतरी हसलं.

"माझी बायको बसेल तिथे," ते म्हणाले. एवढंच म्हणायचं ठरवून आले होते, पण हेबर्ले बघतच राहिले, म्हणून पुढचंही बोलावं लागलं. "त्या दिवशी पिल्लं तिने पाहिली. मला तर आई पण दिसली नव्हती."

हेबर्लेंनी हातातल्या कागदाकडे बघितलं, मग मागे, लोकरी टोपीकडे. "आल्झो," ते सावकाश म्हणाले. "गूट. ठीक आहे. फ्राउ कुंदा."

कुंदा जागची हललीच नाही. राजाभाऊ तिच्याकडे गेले, रिकामी रायफल पिशवीतून काढून तिच्या हातात दिली आणि आभाळाकडे बोट केलं.

"लावून बघ."

"यातून मला दिसत नाही, माहीत आहे की तुम्हाला."

"लावून तर बघ गं."

तिने डोळे मिटले, गाल टेकवला, मान सैल सोडली. डोळे उघडले. बराच वेळ ती तशीच उभी राहिली. तिची मान ताणलेली नव्हती.

"काय दिसतंय?"

"गोल," कुंदा म्हणाली. "पूर्ण गोल दिसतंय, अहो."

"मग झालं तर."

रान उठवायला राजाभाऊ ओळीत चौथे होते. काटेरी झुडपं, गुडघाभर पाचोळा, हातात काठी. बाकीचे जर्मन बेतशीर "हो, हो, होप" करत होते. राजाभाऊंनी थोडा वेळ तसंच केलं, मग ते जमेना. त्यांनी छाती भरून घेतली.

"हाऽऽऽ हुर्रर्र! हाल हाऽऽऽ!"

आवाज कुठून आला कोण जाणे. आजोबांना त्यांनी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. पण झुडपं थरारली, दोन कुत्री भुंकत सुटली, शेजारचा जर्मन थांबून बघायला लागला. काठी बुंध्यावर आपटत, मिशीत काटे अडकवून घेत राजाभाऊ पुढे निघाले. समोर काहीतरी फडाफडा मोडत ओढ्याच्या दिशेने गेलं.

मग एकच बार. दुसरा नाही.

"तुमच्या बायकोकडून आला," शेजारचा म्हणाला.

"गेनाऊ, तिचाच," राजाभाऊ म्हणाले. त्यांना कौतुक वाटलं, अगदी खरं वाटलं. आणि त्याच वेळी पोटात ती ओळखीची कळही आली, जराही कमी नाही. एकच बार, आणि दुसरा लागलाच नाही हिला. ते आधीपेक्षा मोठ्याने ओरडले.

दुपारी अंगणात मारलेली जनावरं फरच्या झाडाच्या फांद्यांवर ओळीने मांडली गेली. शिंगं फुंकली गेली. हेबर्लेंनी एक हिरवी डहाळी कुंदापुढे धरली. "वाइडमान्सहाइल," ते म्हणाले, शिकाऱ्याचं अभिनंदन करतात तसं. कुंदाने ती घेतली, पण टोपीत खोचली नाही. ती नारिंगी जॅकेटवाल्यांच्या घोळक्याकडे चालत आली, राजाभाऊंसमोर उभी राहिली आणि डहाळी मोडली.

"कुत्रेवाल्याला द्यायचा असतो तुकडा," राजाभाऊ म्हणाले. "पाठ आहे माझं आता."

"रान तुम्ही उठवलंत की."

तिने एक तुकडा त्यांच्या हातात ठेवला, दुसरा आपल्या टोपीत खोचला आणि तिला बोलावणाऱ्या बायकांकडे निघून गेली.

राजाभाऊंनी इकडे तिकडे बघितलं. कुणाचं लक्ष नाही अशी खात्री केली आणि मग तिच्या टोपीतला तुकडा आणि आपल्या हातातला तुकडा नजरेने मोजून पाहिला.

मोठा त्यांच्या हातात होता.

तेही त्यांना लागलंच. मोठा तुकडा द्यायचंही पहिल्यांदा हिलाच सुचावं! त्यांनी तो मिशीजवळ नेऊन हुंगला आणि जॅकेटच्या आतल्या खिशात, जपून, ठेवून दिला.